सेक्टर 43 ची हवा कशी आहे?

चंदीगडच्या सेक्टर 43 मध्ये आंतरराज्य बस अड्डा आहे आणि जिल्हा न्यायालयाचं संकुलही तिथेच आहे. पंजाब, हिमाचल आणि जम्मूकडे निघालेले प्रवासी, तारखेला आलेले पक्षकार, फायली काखोटीला मारलेले वकील, रिक्षावाले अशी दिवसभर वर्दळ. समजा नोव्हेंबरातली संध्याकाळ आहे. आसपासच्या शेतांत भाताचं काड जळतंय, आकाश राखाडी झालंय. शिमल्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका प्रवाशानं फोनमधल्या एआय सहायकाला विचारलं, "आत्ता इथली हवा कशी आहे? सोबत आई आहे, तिला दमा आहे. बाहेर थांबावं का?"

प्रश्न साधा आहे, पण सेक्टर 43 मध्ये हवा मोजणारं सरकारी स्वयंचलित स्टेशनच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत चंदीगडची स्टेशनं आहेत ती सेक्टर 22, सेक्टर 25 आणि सेक्टर 53 मध्ये. ती चालवते चंदीगड प्रदूषण नियंत्रण समिती. यातलं 43 ला सर्वांत जवळचं म्हणजे 53 मधलं. नकाशावर ते तिरक्या शेजारात येतं. तेव्हा खरं उत्तर असं हवं: "इथे स्टेशन नाही, जवळच्या स्टेशनवर मागच्या तासात इतकं होतं." पण एआय हे असं सांगेलच याची खात्री नाही. ते अवलंबून आहे कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेल्या चार ओळींवर. या प्रकरणात बोलायचंय ते त्या चार ओळींबद्दल.

एआय एजंट स्वतः काही मोजत नाही. त्याच्या पोटात भाषेचं मॉडेल असतं. त्याला जग दिसतं ते टूल्समधून. हवेची माहिती आणणारं टूल, सर्व्हरची तब्येत विचारणारं टूल, नकाशावर अंतर काढणारं टूल. प्रत्येक टूलबरोबर एजंटला तीन गोष्टी मिळतात: नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरायची याचा तक्ता. टूलच्या आतला प्रोग्रॅम त्याला सहसा दिसत नाही. तो लिहिणाऱ्या मुलीला जेवणाच्या सुट्टीत गाठून "अगं, हा आकडा नक्की कसला?" असंही विचारता येत नाही. जे लिहिलंय त्यावरच भागवायचं.

ही पद्धत फार जुनी नाही. जून 2023 मध्ये ओपनएआय या कंपनीनं आपल्या मॉडेलांना बाहेरची फंक्शन्स बोलावण्याची सोय दिली. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या दुसऱ्या कंपनीनं 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', म्हणजे एमसीपी, ही एजंटला टूल्स जोडायची सामायिक पद्धत खुली केली आणि मार्च 2025 मध्ये ओपनएआयनंही तीच स्वीकारली. त्यानंतर मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी आपापली दारं एजंटांसाठी उघडायला सुरुवात केली. ग्राफाना हे आलेख दाखवणारं प्रसिद्ध सॉफ्टवेअर. त्याच्या एमसीपी सर्व्हरमधून आज एजंट आकडे विचारू शकतो, लॉग वाचू शकतो, डॅशबोर्ड शोधू शकतो. पूर्वी या पडद्यांसमोर माणूस बसायचा. पडद्यावर न लिहिलेलं बरंच काही त्याच्या डोक्यात असायचं: तो तिसरा आलेख पावसाळ्यात असाच नाचतो, त्या सेन्सरवर विश्वास ठेवू नका, रविवारी पहाटे बॅकअप चालतो म्हणून आकडा वर जातो. एजंटच्या डोक्यात यातलं काहीच नसतं, आणि वर्णन लिहिणारा माणूस नेमकं हेच लिहायला विसरतो, कारण त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

बसस्टँडवरच्या प्रवाशाकडे परत जाऊ. समजा त्याच्या सहायकाकडे असं टूल आहे: नाव 'हवा_पाहा', वर्णन 'हवेची गुणवत्ता देते', आणि भरायचा रकाना एकच, 'ठिकाण'.

पहिली अडचण ठिकाणाचीच. एजंट भरणार 'सेक्टर 43'. सेक्टर 43 गुरुग्राममध्ये आहे, नोएडात आहे, फरिदाबादमध्येही आहे. त्यानं 'चंदीगडचा बस अड्डा' असं भरलं तरी कोडं सुटत नाही, कारण चंदीगडला अड्डे दोन आहेत, एक 17 मध्ये आणि एक 43 मध्ये. ल कॉर्ब्युझिए या वास्तुकारानं आखलेल्या या शहरातला ठरावीक सेक्टर 800 बाय 1200 मीटरचा, त्यामुळे पत्ता सांगणं सोपं व्हावं. पण मोहालीनं चंदीगडचेच क्रमांक पुढे चालवले आणि पंचकुलानं पुन्हा एकपासून मोजायला घेतलं. नवी मुंबईत राहणाऱ्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. तिथे वाशी, नेरूळ, खारघर प्रत्येकाचे सेक्टर स्वतंत्र, आणि कुरियरवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठला सेक्टर 19?"

म्हणून 'ठिकाण' हा मोकळा रकाना ठेवूच नये. रकान्याचं नाव 'स्टेशन' हवं आणि त्यात ठरलेल्या यादीतलंच नाव भरता यायला हवं. नुसतं ठिकाणाचं नावही पुरत नाही, याचा नमुना मुंबईत आहे. केंद्रीय मंडळाच्या यादीत 'बोरिवली पूर्व' या नावाची दोन स्टेशनं आहेत: एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, दुसरं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं, म्हणजे आयआयटीएमचं. वांद्रे-कुर्ला संकुलाचंही तसंच. दोन यंत्रं, दोन जागा. आकडे वेगळे येऊ शकतात आणि त्यात कुणाचीही चूक नसते. पण एजंटला यादीत कुणाचं स्टेशन कोणतं हे लिहून दिलेलं नसेल तर तो त्यातलं एक उचलेल आणि 'बोरिवलीची हवा' म्हणून ठामपणे सांगेल.

दुसरी अडचण 'आत्ता' या शब्दाची, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. भारताचा राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक एप्रिल 2015 मध्ये सुरू झाला. त्यात आठ प्रदूषक धरले जातात; निर्देशांक काढायला किमान तिघांचे आकडे लागतात आणि त्यात पीएम 10 किंवा पीएम 2.5 या धूलिकणांपैकी एक असावाच लागतो. धूलिकणांसाठी सरासरी धरतात ती चोवीस तासांची, आणि चोवीसपैकी किमान सोळा तासांचे आकडे हाताशी असावे लागतात. हे शास्त्राला धरून आहे, कारण तब्येतीवरचा परिणाम दिवसभराच्या श्वासाचा असतो. पण उघड्यावर उभ्या असलेल्या दम्याच्या रुग्णाला चोवीस तासांची सरासरी काय सांगते? हिशेब करून पाहा. बावीस तास पीएम 2.5 चं प्रमाण घनमीटरमागे 50 मायक्रोग्रॅम होतं आणि शेवटच्या दोन तासांत ते 400 झालं. बावीस पन्नासे 1100, दोन चारशे 800, एकूण 1900; भागिले 24 म्हणजे साधारण 79. भारतीय मोजपट्टीवर 61 ते 90 म्हणजे 'मध्यम'. एजंट सांगणार, "हवा मध्यम आहे." आई समोर खोकत असेल तेव्हाही.

इथे निर्देशांकाचं काही चुकलेलं नाही. एजंटचंही नाही, त्यानं मिळालेला आकडा इमानदारीनं वाचून दाखवला. चुकली ती 'हवेची गुणवत्ता देते' ही ओळ. त्या ओळीत 'मागच्या चोवीस तासांची सरासरी' एवढे शब्द असते तर एजंटनं तासाचा आकडा देणारं दुसरं टूल शोधलं असतं, नाहीतर निदान बजावलं असतं की हा आकडा आत्ताचा नाही. या स्टेशनांवरून केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे येतात. माहिती होती, तिच्यापर्यंत जायचा रस्ता लिहिलेला नव्हता.

एकक आणि मोजपट्टी यांची गत तीच. भारतीय मानकांत बहुतेक प्रदूषक मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये मोजतात, पण कार्बन मोनॉक्साइड मिलिग्रॅममध्ये. एक हजार पटींचा फरक. आठ तासांसाठी त्याची मर्यादा 2 आहे. एकक न लिहिता नुसता 2 हा आकडा एजंटच्या हाती दिला आणि त्यानं तो इतरांसारखा मायक्रोग्रॅममध्ये धरला, तर मर्यादेवर टेकलेली हवा त्याला कोऱ्या कागदासारखी स्वच्छ वाटेल. मोजपट्टीचं पाहा. पीएम 2.5 चं प्रमाण 60 असेल तर भारतीय निर्देशांक येतो 100, म्हणजे 'समाधानकारक'ची शेवटची पायरी. त्याच हवेला अमेरिकी निर्देशांक 150 च्या पुढे नेतो, आणि तिकडे त्या पायरीचं नावच 'अनारोग्यकारक' आहे. फोनवरची काही ॲप्स अमेरिकी पट्टी वापरतात, केंद्रीय मंडळाचं 'समीर' भारतीय. म्हणून 'निर्देशांक 150' हे वाक्य अर्धवट आहे. सरकारच्या खुल्या माहितीच्या पोर्टलवर हवेच्या आकड्यांचे रकाने आहेत त्यांची नावं किमान, कमाल आणि सरासरी अशी. नावात एकक नाही. तो आकडा मायक्रोग्रॅमचा की उपनिर्देशांकाचा, हे नुसत्या नावावरून एजंटनं कसं ओळखावं?

सॉफ्टवेअरच्या दुनियेत याला एक चांगला तोडगा आधीपासून आहे. 2012 मध्ये साउंडक्लाउड या संगीताच्या कंपनीत सुरू झालेलं प्रोमिथियस हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर आज जगभर वापरात आहे. त्याचा दंडक असा की मोजमापाच्या नावातच एकक घालायचं, तेही मूळ एकक: मिलिसेकंद नाही, सेकंद, मेगाबाइट नाही, बाइट. वाढतच जाणाऱ्या मोजणीच्या नावाला शेवटी 'टोटल' जोडायचं. नावं लांबलचक होतात, वाचायला कंटाळवाणी होतात. पण एजंट जेव्हा अशा नावांची यादी पाहतो तेव्हा त्याला अंदाज बांधावा लागत नाही. हा दंडक घातला तेव्हा एआय एजंट कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. तो माणसांच्या सोयीसाठी होता.

आता मौनाकडे येऊ. स्टेशनची वीज जाते, फिल्टरची पट्टी संपते, जोडणी तुटते. मग आकड्याच्या जागी रिकामी जागा येते. घाईत लिहिलेल्या टूलमध्ये त्या रिकाम्या जागेचं शून्य होतं आणि शून्य म्हणजे हिमालयातली हवा. प्रोमिथियसमध्येही हा सापळा आहे. 'चुकांचं प्रमाण पाच टक्क्यांवर गेलं तर कळवा' असा अलर्ट लावला आणि सर्व्हर इतका कोलमडला की त्यानं आकडे पाठवणंच बंद केलं, तर अट पुरी व्हायला आकडाच उरत नाही आणि अलर्ट वाजत नाही. म्हणून आकडा गायब झाल्याचं ओळखण्यासाठी तिथे वेगळं फंक्शन ठेवावं लागलं. अनुभवी अभियंत्याला शांत डॅशबोर्ड पाहून आधी शंका येते. एजंटला ती येत नाही. 'रिकामं उत्तर म्हणजे सर्व ठीक नव्हे' हे त्याला शब्दांत सांगावं लागतं.

मॉनिटरिंगच्या इतिहासात याचं एक महागडं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 28 मार्च 1979 च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचात दाब सोडणारी एक झडप उघडली आणि नंतर बंद व्हायची ती अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातल्या फलकावरचा तिचा दिवा मात्र विझला. दिवा विझला म्हणजे झडप बंद झाली, असा अर्थ कर्मचाऱ्यांनी घेतला. त्यांच्या जागी कुणीही घेतला असता. तो दिवा झडप पाहतच नव्हता. झडपेला वीज पोचते आहे की नाही, एवढंच तो सांगत होता. वीज तुटली होती, झडप उघडी होती. दोन तासांहून अधिक काळ थंड ठेवणारं पाणी त्या वाटेनं निघून जात राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला. अपघाताला इतरही कारणं होती, पण त्या दिव्याखाली 'हा दिवा झडपेची आज्ञा दाखवतो, झडपेची स्थिती नाही' अशी पट्टी असती तर कुणीतरी त्या झडपेवर लवकर संशय घेतला असता, असं मला वाटतं.

मॉनिटरिंगच्या टूलचं वर्णन म्हणजे ही पट्टीच. ते टूल काय मोजतं हे कुणीही लिहितो. त्यावरून सहज काय समजलं जाईल आणि ते का खरं नसेल, हे लिहिणारे थोडे. चंदीगडच्या टूलचं मी लिहीन ते वर्णन असं:

"चंदीगड प्रदूषण नियंत्रण समितीच्या सेक्टर 22, 25 आणि 53 इथल्या स्टेशनांवरची पीएम 2.5 ची मागच्या एका तासाची सरासरी देतं. एकक: मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. हा हवा गुणवत्ता निर्देशांक नाही. तो हवा असेल तर 'निर्देशांक_24तास' हे टूल वापरा. विचारलेल्या सेक्टरमध्ये स्टेशन नसेल तर आधी 'जवळचं_स्टेशन' वापरा आणि कोणत्या स्टेशनचा आकडा आहे, ते किती दूर आहे, हे उत्तरात सांगा. उत्तरात मोजमापाची वेळ येते. ती दोन तासांहून जुनी असेल तर आकड्याला आत्ताचा म्हणू नका. आकडा रिकामा आला तर यंत्र बंद आहे किंवा माहिती पोचलेली नाही, हवा स्वच्छ आहे असा अर्थ नाही. मोहाली, पंचकुला, नोएडा आणि गुरुग्रामसाठी हे टूल नाही."

हे लांब आहे, मान्य. आणि लांबीची किंमतही पडते. टूलचं वर्णन मॉडेलच्या समोर सहसा सतत राहतं, वापरलं नाही तरी. प्रत्येक शब्द त्याची जागा खातो आणि बिलात दिसतो. मराठीत लिहिलं तर आणखी खातो, कारण देवनागरी मजकुराचे बहुतेक मॉडेलांत इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. यावर लोक सहसा उपाय काढतात तो वर्णनं आखडण्याचा. मला तो उलटा वाटतो. आधी टूल्स कमी करा. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक बटणामागे एक टूल, अशी चाळीस टूल्स आणि प्रत्येकाला अर्धी ओळ, यापेक्षा नीट वर्णन केलेली आठ टूल्स एजंटला जास्त उपयोगी. 'पीएम 2.5 पाहा', 'पीएम 10 पाहा', 'ओझोन पाहा' अशी आठ वेगळी टूल्स कशाला? एक टूल, त्यात प्रदूषकाचा रकाना.

उत्तराच्या लांबीचंही तेच. पंधरा मिनिटांना एक आकडा म्हटलं तर दिवसाचे 96, महिन्याचे 2880, तेही एकाच प्रदूषकाचे. एजंटनं 'मागचा महिना कसा गेला' असं विचारलं आणि टूलनं 2880 ओळी ओतल्या, तर त्या ढिगात मूळ प्रश्नच गाडला जातो. रोजची सरासरी, कमाल, किती तासांचे आकडे नव्हते, एवढं पुरे. सविस्तर हवं असेल तर कसं मागायचं ते वर्णनात असावं.

आणि चूक झाल्याचा संदेश! लिहिणाऱ्यांचं याकडे सर्वांत कमी लक्ष असतं. एजंटनं स्टेशन म्हणून '43' भरलं आणि टूल म्हणालं 'त्रुटी 400'. आता तो काय करणार? पुन्हा तेच भरेल, नाहीतर हवेबद्दल आपल्या जुन्या वाचनातून काहीतरी रचून सांगेल. त्याऐवजी टूल म्हणालं, 'सेक्टर 43 मध्ये स्टेशन नाही; उपलब्ध स्टेशनं 22, 25, 53; अंतरासाठी जवळचं_स्टेशन वापरा,' तर तो दुसऱ्या फेरीत मार्गी लागतो.

अशा बारीकसारीक बदलांनी खरंच फरक पडतो का? अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेली दोन उदाहरणं आहेत. प्रोग्रॅम दुरुस्त करणारा त्यांचा एजंट एका फोल्डरातून दुसऱ्यात गेला की फाइलचा पत्ता चुकवायचा. त्यांनी मॉडेलला हात लावला नाही. टूलमध्ये फाइलचा पत्ता नेहमी मुळापासून पूर्ण द्यायचा अशी अट घातली आणि ती चूक थांबली. दुसऱ्या वेळी वेबवर शोध घेणारं टूल वापरताना मॉडेल कारण नसताना शोधशब्दांना '2025' जोडत होतं आणि निकाल बिघडत होते. ते वर्णन सुधारून दुरुस्त झालं. दोन्ही ठिकाणी दोष सापडला तो एजंट प्रत्यक्षात काय भरतो हे वाचून. वर्णन लिहून झाल्यावर टेबलाशी बसून त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. वीस-पंचवीस खरे, आडवेतिडवे प्रश्न द्यावेत, एजंटनं कोणतं टूल उचललं, रकान्यात काय भरलं ते लॉगमध्ये पाहावं. तो जिथे अडखळला तिथे बहुधा वर्णनातलं एखादं वाक्य गायब असतं.

आतापर्यंतची टूल्स नुसती पाहणारी होती. मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हात लावणारीही असतात आणि तिथे वर्णनाची जबाबदारी वाढते. 'अलर्ट शांत करा' हे टूल घ्या. रात्री दोन वाजता डिस्क भरत आल्याचा अलर्ट वाजला, एजंटला सांगितलं, "याचं काय ते बघ." त्याच्या यादीत 'अलर्ट_शांत_करा: अलर्टची समस्या हाताळते' असं टूल असेल तर तो ते वापरेल, घंटा थांबेल, आणि तो कळवेल की काम झालं. डिस्क भरतच राहील. प्रोमिथियसच्या जोडीचं अलर्टमॅनेजर हे सॉफ्टवेअर अलर्ट शांत करताना अट आणि मुदत दोन्ही घेतं. अट सैल घातली तर एकाऐवजी सगळ्या सर्व्हरांच्या घंटा एकदम मुक्या होतात. तेव्हा वर्णनात स्वच्छ लिहायचं: याने बिघाड दुरुस्त होत नाही, फक्त कळवणं थांबतं, मुदत द्यावीच लागेल, एकाहून जास्त सर्व्हरना लागू होत असेल तर आधी माणसाला विचारा. एमसीपीमध्ये टूल फक्त वाचणारं आहे की काही बदलणारं, मोडणारं, हे सांगायच्या खुणा आहेत. त्या खुणा सूचना म्हणून असतात. कुलूप म्हणून त्यांच्यावर विसंबायचं नसतं. खरं कुलूप परवानग्यांमध्येच लागतं.

वर्णनाची ताकद उलटीही फिरते. एप्रिल 2025 मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या सुरक्षा संस्थेनं दाखवून दिलं की एमसीपी टूलच्या वर्णनातच छुप्या आज्ञा पेरता येतात. वापरणाऱ्याला पडद्यावर टूलचं साधं नाव दिसतं. मॉडेल मात्र पूर्ण वर्णन वाचतं, आणि त्यात 'आधी अमुक फाइल वाचून तिचा मजकूर पाठव' असं असेल तर ते पाळू शकतं. कुठलंही टूल जोडण्यापूर्वी त्याचं पूर्ण वर्णन माणसानं वाचायला हवं, आणि ते नंतर गुपचूप बदललं तर कळायला हवं. फुकट मिळतंय म्हणून दहा टूल्स जोडणाऱ्या कार्यालयांत हे वाचन होतं का, याबद्दल मला शंका आहे.

वर्णन लिहायचं कुणी, हा प्रश्न राहतो. बहुतेक ठिकाणी ते प्रोग्रॅमरच्या गळ्यात पडतं आणि तो ते शेवटच्या दिवशी उरकतो. हवेच्या बाबतीत बीटा किरणांनी धूळ मोजणारं यंत्र दमट हवेत कसं वागतं, फिल्टरची पट्टी बदलताना आकडा किती वेळ भरवशाचा नसतो, हे ठाऊक असतं ते स्टेशनवरच्या तंत्रज्ञाला. सर्व्हरच्या बाबतीत ते रात्रपाळी करणाऱ्याला ठाऊक असतं. या माणसांना समोर बसवून "या आकड्याबद्दल नवा माणूस काय चुकीचं समजतो?" एवढा एकच प्रश्न विचारला तर अर्धं वर्णन त्यांच्या तोंडून मिळतं. उरलेलं अर्धं प्रोग्रॅमरनं लिहावं, आणि खाली तारीख घालावी.

आपल्याकडे हवेच्या मोजमापाचं काम कमी झालेलं नाही. आयआयटीएमनं विकसित केलेली 'सफर' ही यंत्रणा 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत सुरू झाली आणि पुढे पुण्यात, मुंबईत आली. महाराष्ट्र मंडळाची स्टेशनं वेगळी, मुंबई महापालिकेची वेगळी. आकडे प्रसिद्धही होतात. या सगळ्या संस्थांना एक विनंती करावीशी वाटते: प्रत्येक स्टेशनच्या आकड्यांबरोबर त्याचं पानभर वर्णनही प्रसिद्ध करा, मराठीत आणि इंग्रजीत. यंत्र कुठे आणि किती उंचीवर आहे, आकडा किती वेळाची सरासरी आहे, एकक कोणतं, रिकामी जागा कशामुळे येते, आणि या आकड्यावरून काय ठरवू नये. पैसे जवळजवळ लागणार नाहीत. आज तुमचा आकडा तज्ज्ञ वाचतो आणि मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. उद्या तो बहुतेक वेळा एजंट वाचणार आहे, आणि तो तुम्ही लिहिलंय तेवढंच धरून चालणार आहे.